खांद्यावरची खडूची फुली

१/
सांगावे की लपवावे?

गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीने मला हा प्रश्न विचारला. लग्नानंतर ती अमेरिकेत कायमची राहायला जाणार होती आणि त्या व्हिसासाठी मुंबईत तिची वैद्यकीय तपासणी ठरली होती. महाविद्यालयात असताना तिला नैराश्याने ग्रासले होते. दोन वर्षे औषधे चालू होती, एकदा आठवडाभर रुग्णालयातही राहावे लागले होते. आज ती बरी आहे, नोकरी करते आहे. घरातली वडीलधारी मंडळी मात्र एकच सांगत होती : "झालं गेलं गंगेला मिळालं. आता कशाला उकरून काढतेस?"

२/
मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. इतिहासाची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे तिला लगेच उत्तर देता आले नाही, पण एवढे नक्की ठाऊक होते की हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. अमेरिकेच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसांना तो शंभराहून अधिक वर्षे छळत आला आहे. आजचा थ्रेड त्या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

वाचताना एक सूत्र हाती धरून ठेवा : कायदा माणसाच्या भूतकाळात किती मागे जाऊन डोकावतो?

३/
सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने स्थलांतराचा एक सर्वसाधारण कायदा केला. गुन्हेगार, वेडे, जडबुद्धी आणि स्वतःचा सांभाळ करू न शकल्यामुळे सरकारवर भार होतील अशा व्यक्तींना उतरू द्यायचे नाही, असे त्यात म्हटले होते. (हे शब्द आज कानाला खटकतात आणि खटकायलाच हवेत. पण ते त्या काळच्या कायद्याचे शब्द आहेत, म्हणून तसेच ठेवते आहे.)

पुढच्याच वर्षी, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला पोहोचल्या. म्हणजे वैद्यक शिकायला निघालेली आपली ही पहिली विद्यार्थिनी त्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा हा कायदा जेमतेम एक वर्षाचा होता.

४/
१८८२ च्या कायद्याची नजर वर्तमानावर होती. समोर उभा असलेला माणूस आज कसा दिसतो, आज स्वतःला सांभाळू शकतो का, एवढेच तो विचारत होता. १८९१ च्या कायद्याने स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी सक्तीची केली आणि ती केंद्र सरकारच्या डॉक्टरांकडे सोपवली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावरचे तपासणी केंद्र सुरू झाले. १९५४ मध्ये ते बंद होईपर्यंत सुमारे १ कोटी २० लाख माणसे त्या दारातून अमेरिकेत गेली.

५/
१८९३ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. जहाज कंपन्यांनी प्रवाशांची तपशीलवार यादी द्यावी, असा नियम झाला. नाव, वय, धंदा, खिशात पैसे किती, या प्रश्नांच्या रांगेत एक रकाना प्रकृतीचाही होता, शारीरिक आणि मानसिक. पुढे यादीत थेट प्रश्न आला : तुम्ही कधी तुरुंगात, अनाथांच्या आश्रयगृहात किंवा वेड्यांच्या इस्पितळात होता का?

माझ्या मैत्रिणीचा प्रश्न जन्मला तो या रकान्यात. तोवर डॉक्टर नुसते पाहत होते. आता कागद विचारू लागला, आणि कागदापुढे माणसाला दोनच वाटा उरतात : खरे सांगणे किंवा खोटे सांगणे.

६/
आता सूत्राकडे या.

१९०३ चा कायदा : गेल्या ५ वर्षांत ज्याला वेड लागले होते त्याला प्रवेश नाही. आणि आयुष्यात कधीही ज्याला वेडाचे दोन किंवा अधिक झटके येऊन गेले, त्यालाही नाही. आज तो पूर्ण बरा असला तरी नाही.

१९१७ चा कायदा : आयुष्यात कधीही, एकच झटका येऊन गेला असला तरी प्रवेश नाही.

पाहा, पस्तीस वर्षांत कायद्याची नजर कुठून कुठे गेली. आधी 'आज', मग 'गेली पाच वर्षे', आणि शेवटी 'जन्मापासून आजवर'. बरे होणे ही गोष्टच कायद्याच्या हिशेबातून पुसली गेली.

७/
याच्या जोडीला दुसरी एक मुदत वाढत होती. देशात उतरल्यानंतर माणूस सरकारी खर्चावर आला आणि त्याचे कारण 'उतरण्यापूर्वीपासूनचे' ठरले, तर त्याला परत पाठवता येत असे. १८९१ मध्ये ही मुदत १ वर्ष होती. १९०३ मध्ये ती २ वर्षे झाली, १९०७ मध्ये ३ आणि १९१७ मध्ये ५.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णालयात दाखल झालेल्या एखाद्या आईने डॉक्टरला विश्वासाने सांगितले की "मला गावाकडेही एकदा असंच झालं होतं", तर ते वाक्य उपचाराच्या कामी येण्याआधी हद्दपारीच्या कामी येऊ शकत होते. डॉक्टरपुढे मन मोकळे करणे धोक्याचे ठरू लागले ते इथे.

८/
आता बेटावर चला.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच, बऱ्यापैकी अदबीने उरकली जाई. बेटावर आणले जात ते तिसऱ्या वर्गाचे लोक. गाठोडी आणि पेट्या सांभाळत ते रांगेने पुढे सरकत आणि जिना चढून मोठ्या दिवाणखान्यात येत. कुणाला धाप लागते, कोण लंगडतो, कोण भांबावलेला दिसतो, हे डॉक्टर उभ्या उभ्या न्याहाळत. एका माणसाच्या वाट्याला जेमतेम काही सेकंद येत. 'सहा सेकंदांची तपासणी' हे तिचे नाव पुढे रूढच झाले.

९/
संशय आला की डॉक्टर खडूने कपड्यावर खूण करीत. डोळ्यांसाठी इंग्रजी 'ई', हृदयासाठी 'एच', पायाने अधू असेल तर 'एल', हर्नियासाठी 'के'. उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला फुली, म्हणजे 'एक्स', आली की समजावे : मनाविषयी शंका आहे. फुलीभोवती वर्तुळ असेल तर मनोविकाराची ठळक लक्षणे दिसली आहेत.

ज्याच्या खांद्यावर ही खूण पडे, त्याला तिचा अर्थ कुणी सांगत नसे. रांगेतली इतर माणसे मात्र ती पाहत आणि हळूच बाजूला सरकत.

१०/
सर्वसाधारण चित्र असे : शंभर माणसांतील सुमारे नऊ जणांवर फुली पडे. त्यांना वेगळ्या खोलीत नेऊन साधे प्रश्न विचारले जात, लहानसहान बेरजा सांगितल्या जात, वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावले जाई. त्या नवांपैकी एक-दोघांना पुढच्या सखोल तपासणीसाठी ठेवून घेत. अखेरीस बेटावरून परत पाठवलेल्यांचे सर्व कारणे मिळून प्रमाण सुमारे दोन टक्के होते.

दोन टक्के हा आकडा लहान वाटतो. पण एका कुटुंबातले सहा जण उतरले आणि मधल्या मुलीला परत पाठवायचे ठरले, तर तिच्यासोबत आई जाणार की बाप? हा निर्णय त्या दिवाणखान्यातच घ्यावा लागे.

११/
काही जण कोट उलटा करून, खडूची खूण आत दडवून रांगेतून निसटले, असे सांगितले जाते. एलिस बेटाच्या आठवणींत हा किस्सा वारंवार भेटतो. त्यात थोडी गंमत आहे आणि पुष्कळ दुःखही आहे. आज आपण आजाराची फाइल कपाटाच्या तळाशी सरकवतो, जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकतो, ते त्या उलट्या कोटाचेच नवे रूप होय.

१२/
पण या गोष्टीतले डॉक्टर म्हणजे खलनायक, असे समजू नका. इतिहास इतका सोपा नसतो.

हॉवर्ड नॉक्स हा तरुण डॉक्टर १९१२ ते १९१६ या काळात बेटावर होता. त्या वेळी युरोपात आणि अमेरिकेत बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचा बोलबाला होता. नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की शाळेची पायरी न चढलेला, पेन्सिल कधी हातातही न धरलेला शेतकरी या चाचणीत नापास होणारच. त्याचा अर्थ त्याची बुद्धी कमी आहे असा होत नाही.

१३/
म्हणून त्यांनी भाषेवाचून चालतील अशा चाचण्या तयार केल्या. नॉक्सची सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९१३ ची. चार लाकडी ठोकळे ओळीने मांडायचे, पाचव्या ठोकळ्याने त्यांवर ठरावीक क्रमाने टकटक करायची आणि समोरच्याने तोच क्रम पुन्हा करून दाखवायचा. लाकडी तुकडे जुळवून चेहरा पूर्ण करायची कोडीही होती. मानसशास्त्रातील भाषानिरपेक्ष चाचण्यांचा एक उगम या बेटावर सापडतो.

हेतू चांगला होता. पण आठ-दहा दिवस जहाजाच्या तळाशी हेलकावे खाऊन आलेल्या, परक्या गणवेशांना घाबरलेल्या माणसापुढे ठोकळे ठेवले, तर हात थरथरणार. तो थरकाप बुद्धीचा की भीतीचा, हे ठोकळे सांगत नव्हते.

१४/
आपल्याला जवळचे वाटेल असे एक साल इथे येते. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचला. त्याच बंदरातील एका बेटावर त्याच वर्षी हे ठोकळे मांडले जात होते. बाबासाहेब तिथे मुक्त हवेचा अनुभव घेत होते, आणि काही मैलांवर माणसांची जन्मावरून, वंशावरून प्रतवारी लावायचे एक नवे शास्त्र उभे राहत होते.

१५/
त्या शास्त्राचा एक पुरोहित म्हणजे हेन्री गॉडर्ड हा मानसशास्त्रज्ञ. १९१२-१३ मध्ये त्याने आपले सहायक एलिस बेटावर नेले. १९१७ मध्ये त्याने आकडे प्रसिद्ध केले : तपासलेल्यांपैकी ८३ टक्के ज्यू, ८० टक्के हंगेरियन, ७९ टक्के इटालियन आणि ८७ टक्के रशियन मंदबुद्धी!

आता नमुना किती होता ते पाहा. ३५ ज्यू, २२ हंगेरियन, ५० इटालियन, ४५ रशियन. दीडशेच्या आसपास दमलेल्या, भेदरलेल्या माणसांवरून वंशांचे भवितव्य. उत्तरोत्तर कायदे कडक होत होते, आणि अशा आकड्यांमुळे त्या कडकपणाला विज्ञानाचा मुलामा मिळत होता. मानसिक दुर्बलतेच्या कारणाने होणाऱ्या हद्दपाऱ्या आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा १९१३ मध्ये ३५० टक्क्यांनी आणि १९१४ मध्ये ५७० टक्क्यांनी वाढल्या, हेही गॉडर्डनेच समाधानाने नोंदवले आहे.

१६/
याच बेटावर १९०७ ते १९१० या काळात एक दुभाषा काम करीत होता. दिवसा नोकरी, रात्री कायद्याचा अभ्यास. त्याचे नाव फिओरेल्लो ला ग्वार्डिया. हाच पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला आणि तिथल्या एका विमानतळाला त्याचे नाव आहे. मनोविकाराच्या कारणाने झालेल्या हद्दपाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक अन्यायाच्या होत्या, असे स्पष्ट मत त्याने आपल्या आत्मचरित्रात मांडले आहे.

१७/
त्याने सांगितलेली एक हकिगत मला विसरता येत नाही. उत्तर इटलीच्या डोंगराळ भागातून एक किशोरवयीन मुलगी आली होती. तिची बोली कुणाला नीट कळत नव्हती. प्रश्न न समजल्याने ती उत्तर द्यायला अडखळली, आणि तेवढ्यावरून तिला निरीक्षणासाठी रुग्णालयात ठेवले. परक्या पुरुषासोबत कधी एकटी न राहिलेली ती पोर. डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून, डोळ्यांत डोकावून, पाठीला स्पर्श करून प्रतिक्रिया तपासायला सुरुवात केली तेव्हा ती बिथरली, झगडली. येताना धडधाकट असलेली ही मुलगी दोन आठवड्यांत खरोखरच भ्रमिष्ट झाली, असे ला ग्वार्डिया लिहितो.

तपासणीने आजार शोधला नव्हता. तपासणीनेच तो घडवला होता.

१८/
तरीही व्यवस्थेत काही झरोके होते. बेटावरच्या डॉक्टरांनी आपले काम प्रमाणपत्रापुरते मर्यादित ठेवले. आत घ्यायचे की परत पाठवायचे, याचा निर्णय देणाऱ्या विशेष चौकशी मंडळावर बसायला ते तयार नव्हते. १९१७ च्या कायद्याने मानसिक कारणाने अडवलेल्या व्यक्तीला डॉक्टरांच्या मंडळापुढे दाद मागण्याचा, आणि स्वखर्चाने स्वतःचा तज्ज्ञ साक्षीदार आणण्याचा हक्क दिला. खिशात मोजके डॉलर घेऊन आलेल्या माणसाने तज्ज्ञ कुठून आणावा, हा प्रश्न वेगळा.

आणि भारतीयांसाठी तर १९१७ नंतर दारच बंद झाले. त्याच कायद्याने आखलेल्या आशियाई प्रतिबंधित पट्ट्यात भारत होता. विद्यार्थ्यांसारखे काही अपवाद सोडले, तर १९४६ पर्यंत आपल्या लोकांना स्थलांतरित म्हणून तिथे जाता येत नव्हते. १९४६ मध्ये जागा मिळाल्या त्या वर्षाला अवघ्या १००.

१९/
१९२४ च्या कायद्यानंतर तपासणी बेटावरून उठली आणि परदेशांतील अमेरिकी वकिलातींकडे गेली. खडू संपला, शिक्का आला. माणूस आता समुद्र ओलांडून परत पाठवला जात नव्हता, तो आपल्या गावातूनच निघू शकत नव्हता. आज मुंबईत होणारी तपासणी ही या बदलाची थेट वारस आहे.

१९५२ च्या कायद्याने जुनी यादी जवळपास तशीच पुढे नेली. 'वेडाचा एक किंवा अधिक झटका' हे कलम कायम राहिले आणि 'मनोविकृत व्यक्तिमत्त्व' असा एक सैल शब्द त्यात बसला. सैल शब्दाचा फायदा असा की त्यात कुणालाही कोंबता येते.

२०/
त्यात कुणाला कोंबले गेले, हे क्लाइव्ह बूटिलिअर यांच्या खटल्यात दिसते. हे कॅनडाचे. १९५५ मध्ये, तरुण वयात, ते अमेरिकेत आले. १९६३ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज करताना त्यांनी १९५९ मधील एका अटकेची माहिती प्रामाणिकपणे दिली. चौकशीत ते समलिंगी असल्याचे पुढे आले. समलैंगिकता हा आजार नाही, पण तेव्हाचे वैद्यक तिला आजार मानत होते आणि कायदा त्या 'मनोविकृत' खान्यात टाकत होता. सरकारी डॉक्टरांनी त्यांच्या जबाबावरूनच प्रमाणपत्र दिले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हद्दपारी कायम केली.

त्या अटकेविषयी ते गप्प राहिले असते तर? हा प्रश्न त्यांच्यासारख्या हजारोंनी स्वतःला विचारला असेल.

२१/
पुढचा अध्याय तर विलक्षण आहे. १९७३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. १९७९ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने जाहीर केले की या कारणावरून आम्ही प्रमाणपत्र देणार नाही. कायदा मात्र तसाच होता. मग १९८० मध्ये एक तोडगा निघाला : अधिकाऱ्याने होऊन विचारायचे नाही, पण प्रवाशाने स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगितले तर त्याला अडवायचे.

म्हणजे गप्प बसणारा आत, खरे बोलणारा बाहेर. प्रामाणिकपणाच अपात्रता ठरण्याचे इतके नितळ उदाहरण कायद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

२२/
१९९० मध्ये हे चित्र पालटले. त्या वर्षाच्या स्थलांतर कायद्याने ती जुनी यादी एकदम काढून टाकली. 'झटका', 'मंदबुद्धी', 'मनोविकृत व्यक्तिमत्त्व', 'लैंगिक विचलन', सारे गेले. त्या जागी नवी कसोटी आली. नुसता आजार पुरेसा नाही. आजाराशी निगडित असे वर्तन हवे, ज्यातून स्वतःला, इतरांना किंवा मालमत्तेला धोका आहे. किंवा तसे वर्तन पूर्वी घडलेले हवे आणि ते पुन्हा घडण्याची शक्यता हवी.

सूत्र आठवते ना? कायद्याची नजर भूतकाळात अजूनही जाते. पण आता ती विचारते : त्या भूतकाळातले काय आज शिल्लक आहे? १९१७ मध्ये पुसले गेलेले 'बरे होणे' १९९० मध्ये हिशेबात परत आले.

२३/
आजची तपासणी या कसोटीवर चालते. वकिलातीने नेमलेले डॉक्टर पूर्वीचे आजार, रुग्णालयातील वास्तव्य, स्वतःला इजा करण्याचे प्रसंग, व्यसने यांविषयी विचारतात. धोकादायक वर्तन चालू असेल किंवा पुन्हा होण्याची शक्यता वाटली, तर 'क्लास ए' अशी नोंद होते आणि व्हिसा अडतो. त्यावरही सूट मागता येते. आजार आहे किंवा होता, पण धोका नाही, अशा वेळी फार तर 'क्लास बी' अशी नोंद होते, आणि एवढ्या वैद्यकीय कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. अंतिम निर्णय डॉक्टरांचा नसतो, व्हिसा अधिकाऱ्याचा असतो. एलिस बेटावरची ती जुनी विभागणी इथेही टिकून आहे.

२४/
आणि लपवणे? महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगून व्हिसा मिळवला किंवा मिळवायचा प्रयत्न केला, तर त्याची शिक्षा आयुष्यभराच्या प्रवेशबंदीची असू शकते. त्यातून सूट मिळण्याची वाट अरुंद आहे.

इथे इतिहासाने पूर्ण वळण घेतले आहे. १९१७ मध्ये आजार हा कायमचा डाग होता आणि लपवणे ही पळवाट. आज आजार हा डाग राहिलेला नाही, पण लपवणे मात्र डाग ठरू शकते. आपल्या घरातला सल्ला मात्र अजून १९१७ मध्येच अडकला आहे.

२५/
तरी या कथेचा शेवट गोड करून सांगणे खोटेपणाचे होईल. 'सरकारवर भार' हे १८८२ चे कलम आजही कायद्यात आहे, आणि अधिकाऱ्याच्या हाती बराच अधिकार आहे. २०१३ मध्ये टोरांटोच्या विमानतळावर एका कॅनडियन स्त्रीला अमेरिकेत जाण्यापासून अडवले गेले. कारण सांगितले गेले ते आदल्या वर्षी नैराश्यासाठी रुग्णालयात राहिल्याचे. पुढे चौकशीत दिसले की ऑन्टॅरिओतील काही पोलीस दले आत्महत्येच्या प्रयत्नांच्या नोंदी ज्या माहितीसाठ्यात टाकत होती, तो अमेरिकी सीमा अधिकाऱ्यांना पाहता येत होता.

मदतीसाठी केलेला फोन सीमेवर पोहोचला होता. अशी एक बातमी शंभर जणांना डॉक्टरकडे जाण्यापासून परावृत्त करते. उपचार घेतला तर नोंद राहील, मग उपचारच नको. जुन्या कायद्याने केलेली सर्वांत मोठी हानी हीच, आणि ती कायदा बदलल्यावरही उरली.

२६/
आपल्याकडचा कायदाही याच वाटेने आला आहे. इंग्रजी अमदानीतला १९१२ चा 'लुनसी अ‍ॅक्ट' १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यापर्यंत टिकला. त्यानंतरच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक तरतूद मला फार मोलाची वाटते. पूर्वी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहिलो होतो, केवळ एवढ्यावरून आजच्या किंवा उद्याच्या मानसिक आजाराचा निष्कर्ष काढता येणार नाही, असे तो कायदा सांगतो.

जे शहाणपण सुचायला जगातल्या कायद्यांना शंभर वर्षे लागली, ते आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. घरातल्या बोलण्यात ते उतरायचे बाकी आहे.

२७/
मैत्रिणीला मी हे सगळे सांगितले. सोबत हेही सांगितले की मी इतिहास सांगते आहे, सल्ला जाणकाराचाच घे. तिने आपल्या जुन्या डॉक्टरांकडून एक पत्र आणले : आजार कोणता होता, उपचार किती काळ चालले, ते कधी थांबले, आजची स्थिती काय. तपासणीच्या दिवशी प्रश्न आला तेव्हा तिने हो म्हटले आणि पत्र पुढे केले. डॉक्टरांनी ते वाचले, औषधाचे नाव विचारले, दोन-चार प्रश्न केले आणि लसीकरणाचा कागद मागितला.

"दोन मिनिटं," ती मला फोनवर म्हणाली. "सहा वर्षं ज्याला घाबरले, ते दोन मिनिटांत संपलं." प्रत्येकाच्या बाबतीत असेच होईल, असे मी म्हणणार नाही. पण तिच्या बाबतीत असे झाले.

२८/
एलिस बेटावरचा तो दिवाणखाना आज संग्रहालय आहे. खडू अर्थात कुठेच शिल्लक नाही, खडू टिकत नाही. पण तो पडल्यावर माणूस ज्या घाईने कोट उलटा करतो, ती घाई पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या अर्जासमोर थबकून बसले असेल, तर ध्यानात ठेवा : तो रकाना १८९३ मध्ये छापला गेला, पण त्याला लागू होणारा कायदा १९१७ चा नाही. आणि जो आज केवळ 'नोंद राहील' या भीतीने डॉक्टरकडे जाणे टाळतो आहे, त्याने आधी बरे व्हावे. अर्ज नंतर भरता येतो.

(समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि तुमच्या घरातल्या स्थलांतराच्या गोष्टी खाली जरूर लिहा.)